‘बारा व्होल्ट’ : एका संख्येचा वारसा आणि लोह-फॉस्फेट विद्युतघट

१

नागपूर जिल्ह्यातील सावनेर हे कोलार नदीच्या काठचे तालुक्याचे गाव संत्र्याच्या बागा, कापूस आणि दगडी कोळसा यांसाठी परिचित आहे. या तालुक्यातील शेतीप्रपंचात आज तीन वस्तू वारंवार आढळतात. रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी धुऱ्यावरील तारेत क्षणिक धक्का सोडणारे ‘झटका मशीन’, पाठीवर अडकवून चालविण्याचा फवारणी पंप, आणि वीज गेल्यावर घरातील दिवे-पंखे चालू ठेवणारा लहान इन्व्हर्टर, या त्या तीन वस्तू होत. तिघींचे प्रयोजन भिन्न, घडण भिन्न, आणि किंमतही भिन्न. परंतु दुकानात तिन्हींसाठी विचारणा होते ती एकाच शब्दप्रयोगाने: ‘बारा व्होल्टची बॅटरी’.

हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की, बारा ही संख्या विजेच्या अंगभूत गुणांपैकीच एक असावी असे वाटू लागते. वस्तुतः तसे नाही. बारा ही शिसे-आम्ल घटाने मागे ठेवलेली संख्या आहे. गेल्या सुमारे पंधरा वर्षांत लिथियम-लोह-फॉस्फेट या नव्या जातीच्या घटांनी शिशाची जागा घेण्यास प्रारंभ केला, तो याच संख्येच्या आश्रयाने. नवा घट जुन्या खोबणीत बसला. तथापि त्याचा स्वभाव जुन्यासारखा नाही. अल्प किंमतीच्या लोह-फॉस्फेट घटमाला निवडताना व जोडताना आज जे नुकसान होते, त्याचा पुष्कळसा भाग या विसंगतीतून उद्भवतो. यास्तव कोणती बॅटरी घ्यावी आणि ती कशी जोडावी, हा वरवर केवळ कारागिराचा वाटणारा प्रश्न अंशतः इतिहासाचा आणि अंशतः भाषेचाही ठरतो. प्रस्तुत निबंधात त्याचा या दोन्ही अंगांनी विचार केला आहे.

२

‘बॅटरी’ हा शब्द विजेच्या क्षेत्रात आला तो तोफखान्यातून. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन फ्रँकलिन याने एकमेकांस जोडलेल्या लायडन पात्रांच्या समूहास तोफांच्या रांगेचे नाव दिले. म्हणजे मुळात हा शब्द समूहवाचक होय. मराठीत येताना त्याचा समूहवाचक अर्थ गळून पडला. मराठी बोलीत हातातील विजेरीही ‘बॅटरी’, मोटारीतील पेटीही ‘बॅटरी’, आणि भ्रमणध्वनीतील एकुलता एक घटही ‘बॅटरी’च. ‘सेल’ हा शब्द विजेरीत घालावयाच्या कोरड्या घटापुरता उरला. परिणामी, पेटीच्या आत किती घट आहेत आणि ते कोणत्या रीतीने जोडले आहेत, हा प्रश्न बोलीतच उपस्थित होत नाही.

शास्त्रीय मराठीने स्वीकारलेला ‘घट’ हा शब्द या दृष्टीने अधिक समर्पक आहे. व्होल्टा याने १८०० साली प्रसिद्ध केलेली रचना धातूंच्या चकत्यांची चळत होती. परंतु त्यानंतरच्या कालखंडातील बहुतेक घट, उदाहरणार्थ डॅनियलचा १८३६ चा घट, ही खरोखरीच द्रवाने भरलेली भांडी होती. त्यांच्या मालिकेस ‘घटमाला’ म्हटले की मराठी वाचकास रहाटाची घटमाळ आठवते. हे साम्य उद्बोधक आहे. पण ते एका ठिकाणी फसवेही आहे. रहाटाच्या माळेतील एखादे गाडगे गळके निघाले तर तेवढ्यापुरतेच पाणी कमी येते. विद्युतघट एकसर जोडले असता मात्र सर्वांतून एकच धारा वाहते. त्यामुळे मालेतील सर्वांत दुबळा घट ज्या क्षणी रिकामा होतो, त्या क्षणी इतरांत शिल्लक असूनही सबंध मालेचे काम थांबवावे लागते. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये शिशाच्या पत्र्यांचा आणि गंधकाम्लाचा पुन्हा पुन्हा भारित करता येणारा घट सिद्ध केला. कामी फोर याने १८८१ मध्ये पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची युक्ती काढून त्यास व्यापारी रूप दिले. या घटाचे विभवांतर सुमारे २ व्होल्ट. तीन घटांचे सहा आणि सहा घटांचे बारा व्होल्ट होतात. मोटारगाड्यांतून प्रथम सहा व्होल्टची घटमाला प्रचलित होती; १९५० च्या दशकात मोठ्या इंजिनांना चालना देण्यासाठी बारा व्होल्टची घटमाला सार्वत्रिक होत गेली. पुढे ट्रॅक्टर, रेडिओ आणि घरगुती इन्व्हर्टर ही सर्व साधने याच संख्येभोवती रचली गेली. सौर पट्टिकेचीही तीच गत झाली. बाजारात ‘बारा व्होल्टची’ म्हणून ओळखली जाणारी पट्टिका प्रत्यक्षात छत्तीस सौरघटांची असते आणि पूर्ण उन्हात सुमारे अठरा व्होल्ट देते. तिला बारा व्होल्टची म्हणावयाचे एवढ्याचसाठी की, ती बारा व्होल्टच्या शिसे-आम्ल घटमालेस भारित करण्यासाठी योजिलेली होती. अशा रीतीने शिशाच्या घटाचा गुणाकार हा इतर साधनांचा मापदंड बनला.

३

सावनेर परिसरात साठविलेल्या विजेचा इतिहास दोन धाग्यांनी विणलेला आहे. पहिला धागा कोळशाचा. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीच्या भूमिगत खाणी या तालुक्यात आहेत. भूमिगत खाणीतील कामगाराच्या टोपीवर दिवा आणि कमरेस त्याची घटपेटी, ही व्यवस्था दीर्घकाळ शिसे-आम्ल घटांवर चालली. ही पेटी चार व्होल्टची, म्हणजे दोन शिसे-घटांची असे. पुढे लिथियम घटांचे हलके दिवे आले, तेव्हा दोन शिसे-घटांचे काम जवळपास तेवढ्याच विभवांतराच्या एकाच लिथियम घटाने होऊ लागले. जुन्या संख्येच्या जवळ येणारा नवा घट जुन्याची जागा सुलभतेने घेतो, या नियमाचे हे लहानसे पण बोलके उदाहरण होय.

दुसरा धागा भारनियमनाचा. खापरखेड्याचे औष्णिक विद्युत केंद्र याच तालुक्यात आहे. १९८९ ते २००१ या काळात तेथे प्रत्येकी २१० मेगावॉटचे चार संच उभे राहिले, आणि २०१२ मध्ये ५०० मेगावॉटच्या पाचव्या संचाची भर पडून एकूण क्षमता १,३४० मेगावॉट झाली. तथापि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात जे दीर्घ भारनियमन चालले, त्यातून विदर्भ सुटला नाही. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा कंपन्यांत विभाजन झाले, तो काळ हाच. विजेच्या उगमाशेजारी राहणाऱ्यांना अंधारात बसावे लागण्याचा हा विरोधाभास इन्व्हर्टरच्या प्रसारास कारणीभूत झाला, आणि इन्व्हर्टरबरोबर पन्नास-साठ किलो वजनाची, वरून पाणी घालावयाची शिसे-आम्ल बॅटरी घराच्या कोपऱ्यात स्थिरावली.

शेतीपंपांच्या बाबतीत मात्र इतिहासाने वेगळे वळण घेतले. राज्य शासनाच्या २०१९ च्या मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजनेतून आणि २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून दिले जाणारे ३, ५ व साडेसात अश्वशक्तीचे पंप घटमालेवाचून चालतात. ऊन आहे तोवर पाणी उपसावे आणि साठवावयाचे तर पाणीच साठवावे, हे त्यामागील तत्त्व. यामुळे रात्रीपुरती जी कामे उरतात, तेवढ्यांसाठीच साठविलेली वीज लागते. त्यांत पिकाची राखण हे सर्वांत निकडीचे काम होय. झटका मशीनमधील घटमाला मध्यरात्री उतरली तर सकाळपर्यंत एका हंगामाचे श्रम तुडविले गेलेले असतात. आणि यंत्रावरचा विश्वास उडालेला शेतकरी घरगुती विजेची तार सरळ कुंपणास जोडण्याच्या बेकायदेशीर मार्गाकडे वळला, तर त्यात वन्य पशूंबरोबर माणसेही दगावतात. विदर्भात अशा दुर्घटना वारंवार घडल्या आहेत. लहानशा घटमालेच्या विश्वसनीयतेवर किती गोष्टी अवलंबून असतात, हे यावरून ध्यानात येईल.

४

लोह-फॉस्फेट घटाचा उगम अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील प्रयोगशाळेत झाला. जॉन गुडइनफ यांनी ऑक्सफर्ड येथे १९८० मध्ये लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र सिद्ध केले होते, आणि त्याच मार्गाने १९९१ मध्ये सोनी कंपनीने लिथियम-आयन घट बाजारात आणला. परंतु कोबाल्ट हा महाग आणि दुर्मीळ धातू. त्याऐवजी लोहासारखा विपुल धातू वापरता येईल काय, या शोधातून १९९७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या कर्त्यांत गुडइनफ यांच्यासमवेत अक्षय पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत. निसर्गात ट्रिफिलाइट या खनिजात आढळणाऱ्या रचनेचे लिथियम-लोह-फॉस्फेट हे धनाग्रासाठी उपयोगी पडते, असे त्यात दाखविले होते. गुडइनफ यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांच्यासमवेत मिळाले.

या द्रव्याचे दोन गुण आणि एक दोष प्रारंभापासून स्पष्ट होते. लोह आणि फॉस्फरस ही दोन्ही मूलद्रव्ये स्वस्त व सुलभ आहेत. फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांमधील बंध बळकट असल्याने तापल्यावरही ऑक्सिजन सहजी सुटत नाही. म्हणून कोबाल्टच्या वा निकेलच्या घटांपेक्षा हा घट पेट घेण्याचा संभव पुष्कळच कमी. दोष असा की, ते विजेचे अत्यंत मंद वाहक आहे. कणांवर कार्बनचे पातळ आवरण देऊन आणि कण अतिसूक्ष्म करून हा दोष पुढील काही वर्षांत दूर करण्यात आला. कॅनडातील हायड्रो-केबेक या संस्थेशी निगडित संशोधकांचे या बाबतीतील कार्य विशेष उल्लेखनीय आहे. तदनंतर उत्पादनाचे केंद्र चीनकडे सरकले. २०२२ च्या सुमारास मूळ पेटंटांची मुदतही संपली, आणि हा घट सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला.

या इतिहासात एक योगायोग आहे. लोह-फॉस्फेट घटाचे सामान्य विभवांतर ३.२ व्होल्ट असते; असे चार घट एकसर जोडले की १२.८ व्होल्ट होतात. पूर्ण भारित शिसे-आम्ल घटमाला स्थिर अवस्थेत सुमारे १२.७ व्होल्ट दाखविते. कोबाल्ट वा निकेलच्या घटांचे विभवांतर ३.६ ते ३.७ व्होल्ट, त्यांचे तीन जोडले तर अकरापर्यंतच मजल जाते आणि चार जोडले तर साडेचौदाच्या आसपास पोहोचते. ‘बारा’ या खोबणीत लोह-फॉस्फेटच नेमके बसते. जुने इन्व्हर्टर, जुने दिवे, जुनी झटका यंत्रे यांत फारसा बदल न करता नवी घटमाला लावता आली, याचे श्रेय या गुणाकारास दिले पाहिजे. लोखंडाचा स्वस्तपणा आणि चार गुणिले ३.२ हे गणित, या दोहोंच्या संयोगाने या घटाचा ग्रामीण प्रसार सुकर केला.

५

आता निवडीकडे वळावयास हरकत नाही. ‘स्वस्त’ हे एकच विशेषण बाजारात दोन सर्वस्वी भिन्न गोष्टींना लावले जाते. एक स्वस्तपणा द्रव्याचा: लोह आणि फॉस्फेट मुळातच अल्पमोली असल्याने तो निर्दोष आहे. दुसरा स्वस्तपणा गाळसाळीचा: कारखान्याच्या कसोटीस न उतरलेले, अथवा वापरलेल्या वाहनांतून काढून नवे वेष्टन चढविलेले घट स्वस्तात मिळतात, आणि तो स्वस्तपणा पेटीच्या आत झाकलेला असतो. ग्राहकाचे कौशल्य या दोहोंत भेद करण्यात आहे.

पहिली अडचण नावाचीच आहे. दुकानात ‘लिथियम’ हा एकच शब्द दोन्ही कुळांतील घटांना लावतात. फवारणी पंपाच्या ‘लिथियम’ पेटीत तीन निकेल-कोबाल्ट घट आहेत की चार लोह-फॉस्फेट घट आहेत, हे नावावरून कळत नाही; ते भारणयंत्रावरील आकड्यावरून कळते. १२.६ व्होल्ट असा आकडा असेल तर आत पहिल्या कुळातील तीन घट समजावेत, १४.६ व्होल्ट असेल तर लोह-फॉस्फेटचे चार. भारणयंत्रांची अदलाबदल झाल्यास काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. १२.६ व्होल्टच्या यंत्राने लोह-फॉस्फेट घटमाला जवळजवळ रिकामीच राहते. उलट १४.६ व्होल्टचे यंत्र तीन निकेल-कोबाल्ट घटांच्या मालेस लावले तर प्रत्येक घटावर सुमारे ४.९ व्होल्टचा दाब येतो, तो त्याच्या ४.२ या मर्यादेपलीकडे जातो, आणि संरक्षक मंडल निकृष्ट असल्यास आग लागते. एका शब्दाने दोन वस्तू झाकल्या गेल्याचा हा धोका आहे.

दुसरी अडचण क्षमतेच्या मोजणीची. शिसे-आम्ल घटमाला निम्म्याहून अधिक वापरली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. लोह-फॉस्फेट घटमालेतील ऐंशी टक्के वीज नित्य वापरता येते. १५० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीत १,८०० वॉट-तास असतात, त्यांपैकी सुखाने वापरावयाचे ९००. १०० अँपिअर-तासांच्या लोह-फॉस्फेट घटमालेत १,२८० वॉट-तास असतात, त्यांपैकी वापरावयाचे सुमारे १,०२४. म्हणजे ‘शंभर’ येथे ‘दीडशे’ला मागे टाकते. जो ग्राहक जुन्या सवयीने दीडशेच मागतो, तो गरजेपेक्षा अधिक पैसे मोजतो, किंवा तेवढ्याच पैशांत बसविण्यासाठी हलक्या प्रतीचे घट पत्करतो.

गरजेचे गणित साधनावरून मांडावे. समजा, एखादे झटका मशीन सरासरी अर्धा अँपिअर धारा घेते आणि रोज बारा तास चालते. तर एका रात्रीस ६ अँपिअर-तास लागतील. पिकाच्या राखणीचे दिवस आणि पावसाळी आभाळ एकाच वेळी येतात, म्हणून सौर पट्टिका निरुपयोगी ठरणाऱ्या तीन रात्री गृहीत धरल्या तर १८ होतात. ऐंशी टक्क्यांचा नियम लावता २४ अँपिअर-तासांची घटमाला पुरेशी ठरते. बाजारातील दंडगोल घट बहुधा ६ अँपिअर-तासांचे असतात. त्यांचे चार-चार घट समांतर जोडून असे चार गट एकसर जोडले, म्हणजे एकूण सोळा घटांत ही गरज भागते.

तिसरी गोष्ट परीक्षेची. अल्प किंमतीच्या घटमालेची पहिली परीक्षा तराजूवर होते. १०० अँपिअर-तासांची १२.८ व्होल्टची प्रामाणिक घटमाला सामान्यतः दहा ते तेरा किलो भरते. तीच सहा किलो भरली तर आतील घट कमी आहेत हे सांगावयास यंत्र नको. दुसरी परीक्षा काळाची: पूर्ण भारित घटमालेवर ज्ञात भार लावून ती किती तास टिकते हे मोजावे. सुटे घट घेताना सर्वांची क्षमता आणि अंतर्गत रोध एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहावे. घटमाळेच्या दृष्टान्तात सांगितलेला दुबळ्या घटाचा नियम येथे लागू होतो. हातवापराच्या साधनांतील घटांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १६०४६ हे मानक असून त्याची नोंदणी सक्तीची आहे. तिचा क्रमांक वेष्टनावर असावयास हवा.

शेवटी विल्हेवाटीचा हिशेब. शिशाच्या जुन्या बॅटरीस भंगारात मोल आहे. जुनी देऊन नवी घेण्याची प्रथा त्यामुळेच टिकली. लोह-फॉस्फेटमध्ये निकेल वा कोबाल्ट नसल्याने भंगार घेणाऱ्यास त्याचे आकर्षण नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. करांच्या बाबतीत २०१८ च्या जुलैपासून लिथियम-आयन घटमालांवर १८ टक्के आणि शिशाच्या बॅटरीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही १८ टक्क्यांवर आले. म्हणजे नव्या घटाचे हे करातील झुकते माप आता उरलेले नाही. तुलना आयुष्याच्याच आधारे करावी लागते, आणि चांगल्या लोह-फॉस्फेट घटांची दोन हजारांवर आवर्तने गृहीत धरता ती बहुधा त्यांच्याच बाजूने लागते. गाळसाळीच्या घटांना मात्र हे गृहीत लागू पडत नाही.

६

जोडणीच्या बाबतीत शिशाचा वारसा अधिक उपद्रवी ठरतो. शिशाच्या घटाचे विभवांतर त्यातील शिल्लक जसजशी घटते तसतसे उतरत जाते. म्हणून मल्टिमीटर लावून ‘बॅटरी किती उतरली’ हे सांगण्याची कला कारागिरांस साधली होती. लोह-फॉस्फेटमध्ये लिथियमयुक्त आणि लिथियमरहित अशा दोन अवस्था शेजारी-शेजारी नांदत असल्यामुळे विभवांतर दीर्घकाळ जवळजवळ स्थिर राहते. ऐंशी टक्क्यांपासून तीस टक्क्यांपर्यंत उतरताना चार घटांच्या मालेत अवघ्या दोन-तीन दशांश व्होल्टचा फरक पडतो. १३.१ आणि १३.२ या दोन वाचनांवरून दोन घटमाला ‘सारख्या’ ठरविणारा कारागीर जुन्या कलेचा नव्या द्रव्यावर प्रयोग करीत असतो. समांतर जोडावयाच्या घटमाला प्रथम स्वतंत्रपणे पूर्ण भारित करून मगच एकमेकींस जोडाव्यात. कारण त्यांचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने भरलेलीतून रिकामीकडे मोठी धारा एकदम वाहते.

हाच अल्प रोध संक्षिप्त मंडलाच्या प्रसंगी घातक होतो. मोठ्या घटांतून काही हजार अँपिअर धारा क्षणार्धात उसळू शकते. पाना अग्रांवर आडवा पडणे एवढेही त्यास पुरते. यास्तव धनाग्राच्या निकट योग्य मापाचा फ्यूज असावा, आणि समांतर जोडलेल्या प्रत्येक घटमालेस स्वतंत्र फ्यूज असावा. समांतर जोडणीत सर्व तारा समान लांबीच्या असाव्यात, आणि भाराची एक तार पहिल्या घटमालेच्या धनाग्रास व दुसरी शेवटच्या घटमालेच्या ऋणाग्रास लावावी. तसे न केल्यास जवळच्या घटमालेवर अधिक भार पडून ती आधी झिजते. अग्रे स्वच्छ घासून, पट्ट्या घट्ट आवळून बसवाव्यात. सैल जोड तापतो, आणि पुष्कळदा घटाचा म्हणून सांगितला जाणारा दोष प्रत्यक्षात जोडाचा असतो.

प्रत्येक लोह-फॉस्फेट घटमालेत घटागणिक विभवांतर पाहून गरज पडताच मंडल तोडणारे नियामक मंडल असते. व्यवहारात त्यास ‘बीएमएस’ म्हणतात. शिशाच्या बॅटरीस असा पहारेकरी नव्हता. अल्प किंमतीच्या घटमालेत काटकसर प्रथम येथे होते. ६०० वॉटचा भार बारा व्होल्टवर ५० अँपिअर मागतो. इन्व्हर्टरमधील घट धरता तो साठाच्या घरात जातो. नियामक मंडल तीस अँपिअरचे असेल तर घट उत्तम असूनही घटमाला बंद पडते. दोन घटमाला एकसर जोडून चोवीस व्होल्ट करावयाचे तर त्यांतील नियामक मंडले तेवढा दाब सोसण्यास समर्थ आहेत काय, हे उत्पादकाच्या पत्रकात आधी पाहावे. जुनी-नवी, किंवा शिशाची आणि लोह-फॉस्फेटची, अशा घटमाला एकत्र जोडणे सर्वथा टाळावे.

भारणाच्या सवयीही बदलाव्या लागतात. शिशाच्या बॅटरीस अधूनमधून पंधरा व्होल्टच्या वर नेऊन तिचे घट समान करण्याची सोय इन्व्हर्टरमध्ये असते. लोह-फॉस्फेटच्या चार घटांची कमाल मर्यादा १४.६ असल्याने ती सोय बंद ठेवावी लागते, आणि नित्य भारण १४.२ ते १४.४ पर्यंत पुरते. शिशाची बॅटरी भरलेलीच ठेवली पाहिजे, अन्यथा तिच्या पत्र्यांवर गंधकक्षार साचतात. लोह-फॉस्फेट घट दीर्घकाळ न वापरता ठेवावयाचा तर निम्मा भरलेला ठेवणे हितकर. हंगाम संपल्यावर फवारणी पंप अडगळीत ठेवताना हा भेद लक्षात ठेवावा.

हवामानाविषयीचा भेद येथे स्वतंत्रपणे सांगितला पाहिजे. शीत देशांतील मार्गदर्शक पुस्तिका शून्य अंशाखाली भारण करू नये असे बजावतात. सावनेरात तो प्रसंग येत नाही. येथे वरची मर्यादा महत्त्वाची. बहुतेक घटांचे भारण ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच करावे असे उत्पादक सांगतात, आणि नागपूर परिसरात मे महिन्यात सावलीतील तपमानच त्यापुढे जाते. पत्र्याच्या खोलीत किंवा सौर पट्टिकेच्या पाठीस बांधलेल्या डब्यात ते आणखी वाढते. घटमाला जमिनीलगत, सावलीत, हवा खेळती राहील अशा जागी ठेवणे हा येथील जोडणीचाच भाग समजावा.

७

उपर्युक्त विवेचनावरून असे दिसते की, लोह-फॉस्फेट घटाच्या प्रसारास जी गोष्ट उपकारक झाली, तीच त्याच्या गैरवापराचेही कारण आहे. बारा व्होल्टच्या खोबणीत बसल्यामुळे तो सावनेरच्या शेतापर्यंत पोहोचला; आणि त्याच खोबणीमुळे त्यास शिशाप्रमाणे मापण्याची, भारित करण्याची व जोडण्याची रीत त्याच्याबरोबर आली. यंत्र बदलले तरी त्याची परिभाषा आणि तिच्यात साठलेली हातांची सवय पुढील पिढीपर्यंत टिकते.

परिभाषा बदलत नाही असे मात्र नव्हे. केंद्र शासनाच्या अटल ज्योती योजनेच्या नंतरच्या टप्प्यात सौर पथदिव्यांसाठी जे तपशील निश्चित झाले, त्यांत घटमाला ‘१२.८ व्होल्ट, ३० अँपिअर-तास, लिथियम फेरो फॉस्फेट’ अशी नोंदविली आहे. आठ दशांशांची ही भर क्षुल्लक नाही: तीत घटांची संख्या आणि घटांचे कूळ ही दोन्ही सांगितली आहेत. सावनेरच्या बाजारातील दुकानदाराने आणि ग्राहकाने ‘बारा व्होल्टची लिथियम बॅटरी’ म्हणण्याऐवजी ‘चार घटांची, १२.८ व्होल्टची, लोह-फॉस्फेटची’ असे म्हणावयास प्रारंभ केला, तर चुकीचे भारणयंत्र, चुकीची क्षमता आणि चुकीची जोडणी या तिन्ही दोषांचा विचार खरेदीच्या वेळीच करता येईल. विद्यापीठीय परिभाषेने सिद्ध केलेले ‘घट’, ‘घटमाला’, ‘एकसर’ आणि ‘समांतर’ हे शब्द पाठ्यपुस्तकांत आधीच आहेत. ते वेष्टनावर आणि मराठी माहितीपत्रकांत उतरविण्याचे काम शिल्लक आहे.